लुईस किणीची शिंकबंदी

हायकोर्टात नाव गेल्यापासून लुईस किणीला शिंकायची चोरी झाली होती.

आता मिरचीच्या कांडपात जन्माला आलेला माणूस, तो शिंकणार नाही तर काय करणार? मरोळच्या गावठाणात किणींचं घर म्हणजे खाली डंका, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, आणि वर संसार. एप्रिल लागला की खालच्या खोलीतली लोखंडी मुसळं सकाळपासून उखळात धाडधाड आपटायला लागायची. तांबडी धूळ उठायची, जिन्याने वर जायची आणि उशीत, पावात, मारिया माउलीच्या तसबिरीच्या काचेवर जाऊन बसायची. सेराफिना लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "तुमच्या घरात गोड काय नायच का रे? चायपण तिखट लागते." लुईस तेव्हा हसला होता. घरच्या चहाला वेगळी चव असते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तर हे सगळं बरं चाललं होतं आणि सरकारने नियम काढला. वस्तीतल्या प्रत्येक मसाला कांडपाने म्हणे यंत्राला झाकण लावायचं, धूळ ओढणारा पंखा बसवायचा, छपराच्या वर जाईल अशी चिमणी काढायची, कामाला असलेल्या माणसांच्या नाकाला मास्क, कानाला बोळे, आणि वर्षातून एकदा सगळ्यांची छाती तपासून घ्यायची. पावसाळ्याआधी हे झालं नाही तर डंक्याला सील. एक तरुण इन्स्पेक्टर टेप घेऊन आला, नाक धरून मोजमाप केलं, आणि खुणा करून पळाला. त्याच्या खुणेप्रमाणे चिमणी डंक्यावरून सरळ वर जात होती, म्हणजे बरोबर किणी नवराबायकोच्या पलंगातून.

"एका बाजूला तू, एका बाजूला मी, मध्ये सरकार," सेराफिना म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. तो थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "पण बसव रे तो पंखा. पलंग काय, दुसरीकडे सरकवू."

"गप गं. बापाच्या वेळेपासून चाललंय, तेव्हा कोण मेलं?" लुईस म्हणाला.

"तुझा बाप कशाने गेला?"

"दम्याने. पण तो त्याचा स्वतःचा होता."

 सेराफिनाने चाळणी उचलली आणि ती खाली गेली.

मग नंदकुमार राणे आला. नंदकुमार म्हणजे उपनगरातल्या कांडपवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. घाटकोपरला, भांडुपला, मुलुंडला त्याचे डंके. पण तो स्वतः एसी केबिनमध्ये बसायचा आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर हळदीचा ठिपकासुद्धा कुणी पाहिला नव्हता. संघाने सरकारच्या नियमाविरुद्ध हायकोर्टात जायचं ठरवलं होतं आणि त्याला पुढे करायला माणूस हवा होता.

"माझं नाव घातलं तर जज म्हणणार, धंदेवाले आले बोंबलत," नंदकुमार म्हणाला. "तुझं बघ. गावठाण, बापजाद्याचं घर, परंपरा, बॉटल मसाला. सगळं एका माणसात आहे यार! तुला बघून कोर्टाला पाझर फुटेल."

लुईसला आयुष्यात कुणी पुढे केलं नव्हतं. चर्चच्या जत्रेत छत्री धरायलासुद्धा त्याचा नंबर शेवटी लागायचा. तो लगेच हो म्हणाला. याचिकेवर मोठ्या अक्षरांत आलं, 'लुईस डॉमनिक किणी आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य', आणि लुईसने तो कागद न्हाव्याला दाखवला, मासळीवालीला दाखवला, रविवारच्या मिस्सानंतर फादरनाही दाखवला. फादर म्हणाले, "देव तुमचं भलं करो," तर हा म्हणतो, "देवाचं बघू फादर, वकील चांगला आहे."

वकील म्हणजे देवेश. पोरगा हुशार, बोलायला गोड, केसांना जेल. त्याने संघाचं म्हणणं दोन मुद्द्यांत बसवलं होतं. पहिला, मसाल्याची धूळ ही खायची वस्तू आहे, तिने कुणाला त्रास होत नाही. दुसरा, झाला असं धरलं तरी एवढ्याशा जागेत ती धूळ अडवणं कुणाच्या बापाला शक्य नाही, म्हणून नियमच चुकीचा. त्याच्या जोडीला लुईसचं प्रतिज्ञापत्र. देवेशने ते वाचून दाखवलं, "माझ्या उभ्या आयुष्यात मला, माझ्या पत्नीला अथवा कामगारांना सदर धुळीमुळे श्वसनाचा कोणताही त्रास झालेला नाही."

"शिंक धरायची का त्यात?" लुईसने विचारलं.

"शिंक नकोच काका. शिंक आली म्हणजे त्रास आला."

लुईसने शपथ घेऊन सही केली आणि त्या दिवसापासून शिंकणं बंद केलं.

बोलायला सोपं आहे हो. शिंक आली की तो अंगठा नाकाखाली दाबायचा, डोळे मोठे करायचा, आणि कानातून काहीतरी टुक्कन् वाजायचं. मान अवघडली. मिस्साला ऊद फिरला तेव्हा तर कठीण प्रसंग आला. अख्खं चर्च वेदीकडे बघायचं सोडून लुईसकडे बघत होतं. मागच्या बाकावरचा म्हातारा पाठीवर थाप मारून म्हणाला, "काढ रे, काढ बाहेर! इथं सरकार नाय." लुईस नाही शिंकला. घामाने निथळत बाहेर आला, पण याचिका वाचवली.

सेराफिनाचा खोकला मात्र तो कशातच धरत नव्हता. तिचं काम उखळाशेजारी बसून कुटलेली मिरची चाळायचं. वर उरलेली जाडी भरड पुन्हा उखळात टाकायची, खाली पडलेला बारीक मसाला परातीत लोटायचा. खोकायची ती सकाळी, जेवताना, जिना चढताना. अर्ध्या जिन्यावर थांबून भिंतीला हात लावून उभी राहायची. लुईसला ते पंख्याच्या घरघरीसारखं वाटायचं. पंखा फिरतोय, बायको खोकतेय, घर चाललंय.

कोर्टात तारीख पडली. सरकारी वकील म्हणाला त्रास होतो, देवेश म्हणाला होत नाही. जजसाहेब म्हणाले, भांडू नका, कुणीतरी जाऊन बघून या. आणि बघून यायला शुभा मॅडम नावाच्या एका वकीलबाईंची नेमणूक झाली. याचिकेत पहिलं नाव लुईसचं, म्हणून बघायचं तेही लुईसचंच कांडप.

नंदकुमार धावत आला. धावत म्हणजे गाडीतून. उंबऱ्याच्या आत काही आला नाही, रस्त्यापलीकडे रिक्षाच्या आडोशाला उभं राहून त्याने ओरडून सूचना दिल्या. "त्या दिवशी धूळ दिसता कामा नये! नुसते धणे कुटा! आणि सगळ्यांनी हसतमुख राहायचं! ए विमला, हसून दाखव!"

विमला ही कांडपावर कामाला होती, साकीनाक्याच्या चाळीत राहणारी मालवणी बाई. तिने कमरेवर हात ठेवला. "हसताना तोंड उघडा रवता हो शेट. धूळ आत जाता. हसू की श्वास घेऊ, एक काय तां सांगा."

"दोन्ही कर!" नंदकुमार ओरडला.

तो दिवस उजाडला आणि धणे कुटायला घेणार एवढ्यात रेजिना मावशी हजर. ही गावठाणातली सगळ्यात थोरली बाई. डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं, आणि हातातल्या पिशवीत बिअरच्या रिकाम्या बाटल्या खळखळत. इथल्या घरांत वर्षाचा मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे त्याला ऊन लागत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात भल्या भल्या देवभोळ्या म्हाताऱ्या रस्त्याने बाटल्या वाजवत जाताना दिसतात.

"मावशी, उद्या ये ना," लुईस काकुळतीला आला.

"उद्या? मिरची भाजून झाली, दगडफूल भाजून झालं, खसखस भाजून झाली. उद्यापर्यंत नरम पडली तर वर्षभर तू खाशील माझं कालवण? नंबर माझा हाय. मी बसले." आणि ती उखळासमोरच्या स्टुलावर बसली ती बसलीच. आपला मसाला कुटून होईपर्यंत आपण समोर बसायचं, डोळा हलवायचा नाही, हा इथला रिवाज. डंकेवाला सख्खा भाऊ असला तरी त्याच्यावर कुणी विश्वास टाकत नाही. काश्मिरी मिरची आपली आत जाईल आणि बाहेर भलतीच येईल, ही भीती प्रत्येकीला.

लुईसने डोक्याला हात लावला. आता वाट लागली, मिरची कुटली की धूळ उडणार.

"सरक बाजूला," सेराफिना म्हणाली. तिने आणि विमलाने मिरच्यांची रिकामी पोती उसवली, पिंपात बुचकळली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ओढून डंक्याच्या चारी बाजूंनी टांगली. वरचा टेबलफॅन आणून मागच्या खिडकीत उलटा ठेवला, तोंड नाल्याकडे करून. ओल्या पोत्यांचं पाणी जमिनीवर टपटप गळत होतं आणि दोघी बाया घोट्यापर्यंत भिजल्या होत्या. डंका चालू केला. आत धाडधाड, बाहेर काही नाही. एक कण नाही.

"झकास!" लुईसने टाळी वाजवली. "अगं, तू तर कमाल केलीस!"

शुभा मॅडम आल्या. साध्याशा बाई, सुती साडी, हातात पाण्याची बाटली. त्यांनी खुर्ची मागितली आणि निवांत बसून बघत राहिल्या. डंका चालला होता. विमला हसतमुख होती. देवेश कोपऱ्यात फाइल छातीशी धरून उभा होता. आणि रेजिना मावशी, मसाला दिसेना म्हणून, दोन पोत्यांच्या फटीतून डोकं आत घालून उभी होती. बाहेर फक्त तिचं लुगडं आणि त्यातलं पृष्ठभागाचं दर्शन.

"या आजी काय करतायत?" मॅडमनी विचारलं.

"माझी काश्मिरी हाय आत!" पोत्यातून आवाज आला.

मॅडमनी लिहून घेतलं. मग लुईसकडे वळल्या. "हे पडदे आजच्यापुरते लावलेत की रोज असतात?"

लुईसला वाटलं, हाच तो क्षण. रिक्षाआडून नंदकुमार मान डोलावत होता. लुईसने छाती फुगवली. "रोज, मॅडम! बापाच्या काळापासून!"

"अच्छा. आणि लावायला किती वेळ गेला?"

"एक सकाळ," सेराफिना म्हणाली. तिने खोटं बोलायचं काही ठरवलं नव्हतं, तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"पंखा?"

"तो घरचाच. उलटा ठेवला."

शुभा मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "छान आहे. मी अहवाल देण्याआधी मध्येच कधीतरी पुन्हा येईन. सांगून नाही येणार हं." आणि रिक्षात बसून गेल्या.

नंदकुमार रस्ता ओलांडून उंबऱ्यापर्यंत आला, लुईसला मिठी मारायला निघाला, पण शर्टाकडे बघून थांबला. "जिंकलो रे! एक कण दिसला नाही बाईला!"

देवेशचा चेहरा मात्र पडला होता. जेल लावलेले केससुद्धा पडल्यासारखे वाटत होते. "सर, आपण हरलो."

"काय बकतोस?"

"आपला दुसरा मुद्दा काय होता? एवढ्याशा जागेत धूळ अडवणं अशक्य. आणि काकींनी ती पोती टांगून अडवून दाखवली. एका सकाळी. वर काका म्हणाले, बापाच्या काळापासून."

 पोत्यांतून रेजिना मावशीचं डोकं बाहेर आलं, तांबडंलाल, डोळ्यांतून धारा. "झाला का रे माझा घाणा?"

विमला मात्र जमिनीवर बसून पोट धरधरून हसली, आणि ते हसू कुणी शिकवलेलं नव्हतं.

झालं, आता मॅडम कधी टपकतील याचा नेम नाही. बापाच्या काळापासूनचे पडदे रोज लागले पाहिजेत. सकाळी उठायचं, पोती भिजवायची, टांगायची, दुपारी वाळली की पुन्हा पाणी मारायचं. सेराफिनाची चाळणीही आता पडद्याबाहेर आली. लुईसची कंबर गेली. पाण्याची टाकी जिन्याखाली, तिथून बादल्या उचलून आणताना त्याच्या पायांत गोळे यायचे. जमिनीवर तांबडा चिखल. त्यात तो एकदा असा घसरला की थेट धण्यांच्या पोत्यावर जाऊन बसला, आणि विमलाने विचारलं, "हाड मोडला की धणे?"

त्यात गिऱ्हाइकं बिथरली. पडद्याआड काय चाललंय म्हणून बाया संशयाने बघायला लागल्या. प्रत्येक पोत्यात एकेक डोकं. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षावाल्यांना लुईसच्या दुकानात ओळीने नुसती लुगडी आणि गाउन दिसायचे. एक रिक्षावाला तर थांबून विचारता झाला, "अंदर क्या दिखा रहे हो, भाऊ?" काही बायांनी गाठोडी उचलली आणि साकीनाक्याच्या डंक्यावर गेल्या. "तिथं निदान दिसतं तरी," त्या जाता जाता म्हणाल्या. ऐन हंगामात डंका दुपारचा थंड पडायला लागला. हंगाम गेला तर वर्ष गेलं हे लुईसला पक्कं ठाऊक होतं.

अशाच एका दुपारी तो जेवायला बसला होता. बोंबलाचं कालवण, भात. सेराफिना गोराईच्या बहिणीची काहीतरी हकिकत सांगत होती आणि लुईस मान हलवत जेवत होता. मध्येच त्याला चुकल्यासारखं वाटायला लागलं. त्याने वर बघितलं, पंखा चालू होता. नळ बंद होता. घड्याळ चालत होतं. तरी घरात काहीतरी कमी होतं. तो उठून खाली डोकावून आला.

"काय रे, काय शोधतोस?"

"काय नाय. तू बोल. मग तुझ्या बहिणीने काय केलं?"

"मग काय करणार? ती नवऱ्याला म्हणाली, ही कोंबडी जाईल तर मीपण जाईन. आणि गेली ना, कोंबडी काखेत मारून, होडीत जाऊन बसली! सगळी गोराई बघत होती."

लुईस खो खो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की सेराफिनाची गोष्ट संपली. आजवर तिची गोष्ट कधी संपायचीच नाही. अर्ध्यावर खोकला यायचा, ती पाणी प्यायची, लुईस हात धुवायला उठायचा, आणि तिच्या बहिणीचं पुढे काय झालं ते तसंच राहून जायचं. आज तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली होती, वर भाताचा दुसरा वाढा घेतला होता.

"सेराफिना, तुझा खोकला गेला गं!" तो आनंदाने म्हणाला. "सेंट अँथनीची नऊ दिवस प्रार्थना केली ना, त्या नोव्हेनाचा गुण बघ!"

सेराफिनाने हातातली कढीची वाटी खाली ठेवली. "नोव्हेनाचा?" असं म्हणून तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या ताटात बोंबलाचा आणखी एक तुकडा टाकला.

दुसऱ्या दिवशी नंदकुमार आणि देवेश दुसरं प्रतिज्ञापत्र घेऊन आले. रात्रभर डोकं चालवून देवेशने तोड काढली होती. लुईसने लिहून द्यायचं की पडदे फक्त पाहणीपुरते लावले होते, त्यांनी गिऱ्हाइकं पळाली, धंदा बुडाला, सबब धूळ अडवणं अशक्यच आहे. 'रोज' असं मॅडमना आदरापोटी घाबरून म्हणालो. सोबत पुरावा म्हणून व्हिडिओ.

"कसला व्हिडिओ?" लुईसने विचारलं.

"धुळीचा!" नंदकुमार म्हणाला. "आज धूळ उडाली पाहिजे. पडदे काढ. धणे-बिणे नको, लवंगी मिरची टाक. कोर्टाला दिसलं पाहिजे, हे वादळ पोत्याने अडणारं नाही."

"मग आता शिंकलं तर चालेल?"

"छे छे!" देवेश घाईघाईने म्हणाला. "पहिला मुद्दा आहेच ना. धूळ भरपूर, पण त्रास कुणाला नाही."

विमलाने कपाळावर हात मारला. पण लुईसच्या छातीवरचा दगड उतरला होता. पडदे गेले म्हणजे गिऱ्हाइकं येतील, बादल्या संपतील, कंबर सुटेल. त्याने भराभर दोऱ्या सोडल्या, पोती ओढून कोपऱ्यात टाकली, टेबलफॅन काढून घेतला. सेराफिना बघत होती.  मग ती रोजच्यासारखी परात ओढून चाळणी घेऊन उखळाशेजारी जाऊन बसली, कारण डंका चालू झाला की चाळायला माणूस लागतंच.

लुईसने लवंगीचं पोतं रिकामं केलं आणि बटण दाबलं.

मुसळं उठली, पडली, आणि खोली तांबडी झाली. समोरची भिंत दिसेनाशी झाली. विमलाने पदर नाकावर घेतला. देवेश मोबाइल डोळ्यांसमोर धरून, दुसऱ्या हाताने रुमाल तोंडावर दाबून दारात उभा होता. नंदकुमार तर उंबऱ्यावरून मागे सरकत सरकत रस्त्याच्या मध्यावर पोचला होता आणि तिथून अंगठा दाखवत होता. लुईसने नाकाखाली बोट दाबलं आणि कॅमेऱ्याकडे बघून निर्विकार चेहरा केला.

"काकी, जरा बाजूला व्हा ना," देवेश रुमालातून ओरडला. "खोकला व्हिडिओत दिसतोय. पहिल्या मुद्द्याला अडचण येईल. आपण पुन्हा घेऊ."

लुईसने वळून पाहिलं. सेराफिना उखळाच्या कडेला धरून वाकली होती. चाळणी हातातून सुटून गडगडत गेली होती. मानेच्या शिरा दोऱ्यासारख्या वर आल्या होत्या, खांदे हलत होते, तोंड उघडं होतं. पण आवाज? आवाज कुठे होता? मुसळांच्या धाडधाडीत काही ऐकूच येत नव्हतं. नुसती बाई हलताना दिसत होती.

लुईसने बटण बंद केलं.

मुसळं थांबली आणि मग तो ऐकू आला. कोरडा, छातीच्या तळातून ओढून काढलेला, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला जागाच न देणारा. मशीन बंद झालं तरी खोकला चालूच राहिला. लुईस तसाच उभा राहिला. एवढी वर्षं हे या खोलीत होत होतं आणि आपण बटणाजवळ उभे होतो, हे त्याला आता कळलं.

"काका, चालू करा ना," देवेश म्हणाला. "मस्त येत होतं."

"माझं नाव काढ," लुईस म्हणाला.

"काय?"

"कागदावरून माझं नाव काढ. शपथेवर खोटं लिहिलंय मी. माझ्या पत्नीला त्रास नाय म्हणून. हे काय मग? हे काय गाणं म्हणतेय ती?"

नंदकुमार रस्त्यावरून आत आला, पहिल्यांदाच उंबरा ओलांडून. "लुईस, डोकं ठिकाणावर आहे ना? तू गेलास तर केस गेली. केस गेली तर पावसाळ्याआधी तुझ्याच डंक्याला पहिलं सील लागेल. गिऱ्हाइकं गेलीच आहेत, डंकाही जाईल. काय खाशील?" एवढं बोलेपर्यंत त्याच्या घशात लवंगी गेली आणि तो असा खोकायला लागला की देवेशला त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. जाताना पांढरा शर्ट तांबूस झाला होता. गाडीत बसल्यावरही त्याचा खोकला ऐकू येत होता.

लुईसने तिकडे बघितलं नाही. घाणा अर्धवट राहिला होता, मिरची उखळात तशीच पडली होती. काय खाऊ हे त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि भीतीही वाटत होती. तो माठातलं पाणी घेऊन सेराफिनाजवळ चिखलातच बसला. ती घोट घोट पाणी प्यायली. मान खाली घालून बराच वेळ श्वास जमवत राहिली. विमला तिची पाठ चोळत होती.

"एवढं होत होतं," लुईस म्हणाला, "तर इतकी वर्षं मला सांगितलं का नाय गं तू?"

सेराफिनाने पदराने तोंड पुसलं.

"रोज सांगत होते रे," ती म्हणाली. "तू मशीन बंद करत नव्हतास."